आच न लावता घातलेल्या बटा



लग्नसराईत संगीताच्या रात्री 'रेट्रो' ठेवायची पद्धत आता आमच्या वाटूरपर्यंत येऊन पोचली आहे. मुलींना त्या रात्री जुन्या कृष्णधवल सिनेमातल्या नट्यांसारखे केस हवे असतात. कपाळावर फुगा, कानाजवळ लाटा आणि मानेवर गोल वळलेल्या बटा. त्यासाठी जालन्याच्या नाहीतर परतूरच्या पार्लरमध्ये तासभर तापलेल्या मशीनखाली बसायचं. मग चार दिवसांनी केसांची टोकं झाडूसारखी झाली की आईकडे तक्रार करायची.

गंमत अशी की ज्या काळातले हे केस आहेत, त्या काळात घरोघरच्या बायका ते आच न लावताच घालत होत्या. पाणी, बोटं, आकडे आणि एका रात्रीचा धीर, एवढंच त्याचं सामान. ही रीत कुठून आली, आपल्याकडे कशी पोचली आणि आपल्या श्राविकांच्या विचारात ती कुठे बसते, ते आज लिहिते आहे.

आधी आच होती

केसांना चिमट्याने लाटा पाडण्याची पद्धत पॅरिसच्या मार्सेल ग्राटो या केशकाराने १८७२ च्या सुमारास प्रचारात आणली. लोखंडी चिमटा आचेवर तापवायचा, कागदावर टेकवून बघायचा आणि कागद करपला नाही तर केसांना लावायचा. अंदाज चुकला की बट हातात यायची. त्यानंतर १९०६ साली लंडनमध्ये कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने कायमचे कुरळे केस करण्याची रीत लोकांना दाखवली. वरून टांगलेल्या जड पितळी सळ्यांवर केस गुंडाळायचे, त्यांना औषध लावायचं आणि सळ्या तापवायच्या. त्याचे सुरुवातीचे प्रयोग त्याच्या बायकोच्या डोक्यावर झाले आणि त्यात तिचे केस जळले. इतिहासात नाव मात्र नेसलरचं राहिलं.

पुढे १९२० नंतर तिकडच्या बायकांनी केस आखूड केले. आखूड केसांना दर आठवड्याला चिमटा लावणं परवडणारं नव्हतं आणि सोसणारंही नव्हतं. तेव्हा ओल्या केसांत बोटांनी लाट दाबून ती तशीच वाळू द्यायची, किंवा छोटी बट बोटाभोवती गुंडाळून डोक्याला सपाट चिकटवून आकडा लावायचा, या दोन रीती घरोघर गेल्या. आज 'पिनअप' म्हणून जे केस दाखवतात, त्यांच्या मुळाशी याच आकड्याच्या बटा आहेत.

'पिनअप' हा शब्द मात्र केसांच्या आकड्यावरून आलेला नाही. तो भिंतीला टाचून ठेवायच्या चित्रावरून आला. दुसऱ्या महायुद्धात घरापासून लांब गेलेले सैनिक नट्यांची चित्रं आपल्या खाटेजवळ टाचत. १९४३ साली बेटी ग्रेबल या अमेरिकन नटीचा पाठमोरा उभा राहून मागे वळून बघतानाचा फोटो असा लाखो सैनिकांकडे पोचला. तिचे केस वर उचलून बटांमध्ये बांधलेले होते.

त्याच वर्षी दुसऱ्या एका नटीला केस बदलावे लागले. व्हेरोनिका लेक एका डोळ्यावर लांब केस सोडायची आणि कारखान्यात काम करणाऱ्या मुली तिची नक्कल करायच्या. मोकळे केस यंत्रात अडकून अपघात व्हायचे. अमेरिकन सरकारने तिला विनंती केली आणि तिने केस वर बांधून दाखवले. म्हणजे चित्रातली बाई सैनिकांच्या भिंतीसाठी होती. पण घरातली आणि कारखान्यातली बाई केस वर गुंडाळत होती ते कामात डोळ्यांवर येऊ नयेत आणि तरी बरे दिसावेत म्हणून. फुगा एकच, पण तो काढण्यामागची कारणं दोन.

आपल्याकडे फुगा आला तेव्हा

आपल्याकडे भिंतीवरची बाई त्याच्याही आधी आली होती. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला आणि लक्ष्मी, सरस्वती, दमयंती घरोघर भिंतीवर लागल्या. रविवर्म्याच्या कितीतरी स्त्रिया नऊवारी नेसलेल्या आहेत. पुढे कॅलेंडरं आली आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आली. बायकांनी त्यांतलं नेसणं पाहिलं, दागिने पाहिले आणि केसही पाहिले.

मग बोलपट आला. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट १९३२ सालचा, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा. त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. चांगल्या घरातली शिकलेली बाई पडद्यावर आली म्हणून त्या काळी बरीच चर्चा झाली. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचे वडील जैन होते, हे आपल्यातल्या अनेकींना माहीत नसतं. त्यांनीच १९३७ मध्ये 'कुंकू' काढला. त्यात शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायला नकार देते. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि गदारोळ झाला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीतल्या पहिल्या भारतीय नट्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

या नट्यांचे त्या काळातले फोटो काढून बघा. मधला किंवा बाजूचा भांग, कपाळाजवळ एक लाट, कानावरून मागे नेलेले केस आणि मागे मात्र आपला अंबाडा नाहीतर लांब वेणी. आपल्या बायकांनी केस कापले नाहीत. तिकडच्या लाटेला त्यांनी इथल्या अंबाड्याशी जोडून घेतलं. आजीच्या पिढीच्या फोटोंमध्ये दोन्ही बाजूंना जे 'फुगे' दिसतात, ते याच जोडणीतून आलेले.

आपला हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. जालना, परतूर या गावांना रेल्वे होती, त्यामुळे मुंबई-हैदराबादकडचं कापड आणि तिकडच्या गोष्टी इथे यायच्या. पण खेड्यांत वीज नव्हती. तेव्हा इथल्या ज्या कुणाला फुगा काढायचा असेल, तिच्याकडे पाणी, फणी आणि आकडे यांखेरीज दुसरं साधनच नव्हतं. आज जी 'नो हीट' म्हणून नवी म्हणून सांगतात, ती आपल्या आज्यांची एकमेव रीत होती.

फणी किती जुनी

केस करण्याला मराठीत फार छान शब्द आहे: वेणीफणी. यातली फणी आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात राजुलमतीची कथा येते. नेमकुमार वरात घेऊन आले, मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि रथ मागे फिरवला. पुढे राजुलनेही दीक्षा घेतली आणि स्वतःच्या हाताने केसांचा लोच केला. ते केस कसे होते हे सूत्रात सांगितलं आहे: भुंग्यासारखे काळे आणि कुंचा व फणीने नीट केलेले. तिथे प्राकृतात 'फणग' हा शब्द आला आहे, आपल्या फणीचा जुना नातलग.

राजुलच्या त्यागाचं वर्णन करताना सूत्राने तिच्या वेणीफणीचीही नोंद ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. तिचे केस विस्कटलेले, नकोसे झालेले नव्हते. निगा राखलेले, सुंदर केस तिने सोडले.

प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांची मूर्ती ओळखायची खूणही केसच आहेत. खांद्यावर बटा रुळताना दिसल्या की ती आदिनाथांची मूर्ती. आपल्या श्वेतांबर परंपरेत सांगतात की प्रभूंनी चार मुष्टी लोच केला आणि उरलेले केस खांद्यावर इतके शोभत होते की इंद्राने ते राहू देण्याची विनंती केली. प्रभूंनी ती मानली. इथून दोन-तीन तासांवर वेरूळ आहे. तिथल्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, गेलात तर तीर्थंकरांच्या मूर्तींसोबत अंबिकेची मूर्तीही निवांत बघा. तीर्थंकरांच्या अगदी साध्या रूपाजवळच शिल्पकाराने देवीचा साजशृंगार मन लावून कोरला आहे. त्याला दोन्हींना एका छताखाली जागा देताना अडचण वाटली नाही.

आणि मग चंदनबाला. चंपानगरीची राजकन्या कौशांबीच्या बाजारात विकली गेली आणि धनावह शेठजींनी तिला लेकीसारखं घरी आणलं. एके दिवशी ती त्यांचे पाय धूत असताना तिचे लांब केस चिखलात लोळू लागले आणि शेठजींनी ते उचलून धरले. एवढंच घडलं. पण शेठाणी मूलाच्या मनात संशय शिरला. तिने चंदनेचं डोकं भादरलं, पायात बेड्या घातल्या आणि तिला कोंडून ठेवलं. तशाच अवस्थेत तिने भगवान महावीरांना उडदाचे बाकळे वहोरावले आणि पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासानंतर प्रभूंचं पारणं झालं. पुढे तीच छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली.

राजुलचे केसही गेले आणि चंदनेचेही गेले. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही डोकी सारखीच दिसली असती. पण राजुलचा लोच हा संयम होता आणि चंदनेचं मुंडण हा अत्याचार. हात कुणाचा आणि इच्छा कुणाची, एवढाच काय तो फरक, आणि तोच सगळा फरक आहे.

हा फरक समजायला महाराष्ट्राला फार वर्षं लागली. उच्चवर्णीय विधवांचं केशवपन हा धर्म आहे असं सांगितलं जायचं. जिचं डोकं असायचं तिला कुणी विचारत नसे. १८८२ साली आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बायकांसाठीच्या असल्या नियमांवर कोरडे ओढले. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि आपण विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. केसांच्या इतिहासातलं इतकं मोठं पान आपण मुलींना क्वचित सांगतो.

आता रीत

एवढा इतिहास वाचल्यावर रीत सांगितली नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. सुरुवातीला समजून घ्यायची गोष्ट अशी की केस ओले झाले की त्यांच्या आतले बारीक बंध सैल होतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असतील त्या आकारात ते बंध पुन्हा जुळतात. मशीन हेच काम दोन मिनिटांत करतं, पण त्यासाठी १८० ते २३० अंशांपर्यंत तापतं. पाणी १०० अंशांना उकळतं, यावरून अंदाज करा. रात्रभराचा धीर धरला तर ती आच लागत नाही.

आदल्या दिवशी शिकेकाईने केस धुवा. तेल राहिलं तर बट घसरते. केस बारा आणे वाळले, नुसते दमट राहिले की सुरुवात करा. ठिबकत्या केसांच्या बटा सकाळपर्यंत वाळत नाहीत आणि सोडल्या की लगेच उलगडतात.

दोन बोटं रुंदीची बट घ्या. टोकापासून बोटावर गुंडाळत मुळापर्यंत या, बोट काढा आणि ते कडं डोक्याला सपाट टेकवा. त्यावर दोन आकडे एकमेकांना छेदून लावा. टोक कड्याच्या आत राहिलं पाहिजे, बाहेर राहिलं तर ते सरळ काटा होऊन दिसतं. एका ओळीतली सगळी कडी एकाच दिशेने वळवा आणि खालच्या ओळीतली उलट्या दिशेने. सकाळी विंचरल्यावर या दोन ओळींमधूनच ती जुनी लाट तयार होते. केस फार लांब असतील तर आकड्यांऐवजी जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या घ्या. बट चिंधीवर गुंडाळायची आणि चिंधीची गाठ मारायची. झोपताना डोक्याखाली टोचतही नाही.

बट टिकावी म्हणून जवस वापरा. आपल्याकडे चटणीचा जवस प्रत्येक घरात असतो. दोन चमचे जवस वाटीभर गाळलेल्या पाण्यात काही तास भिजत ठेवला की पाणी बुळबुळीत होतं. ते फडक्यातून गाळून बोटांनी बटेला लावायचं. उकळलं तर जास्त दाट होतं, पण भिजवलेलंही काम देतं. लागेल तेवढंच करा आणि त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवू नका.

सकाळी केस पूर्ण वाळल्याची खात्री करून आकडे काढा. आधी बोटांनी सोडवा, मग रुंद दातांच्या लाकडी फणीने विंचरा. पहिल्यांदा केस मेंढीच्या लोकरीसारखे फुगतात, घाबरू नका. विंचरत राहिलं की लाटा एकमेकींत बसतात. फुग्यासाठी कपाळावरचे केस वर धरून मुळाशी थोडे उलटे विंचरायचे, वरून गुळगुळीत करायचे, दोन बोटांवर मागे गुंडाळून पोकळ नळी करायची आणि आतून आकडा लावायचा. मागचे केस अंबाड्यात घेतलेत तर तुमच्या आजीचा फोटो आरशात दिसेल.

आपली हवा कोरडी आहे, त्यामुळे उन्हाळ्यातल्या लग्नांत या बटा दिवसभर राहतात. पावसाळ्यात किंवा मुंबईच्या दमट हवेत त्या दुपारपर्यंत सैलावतात.

बाहेरच्या पुस्तकांत या रीतीबरोबर दोन गोष्टी हमखास सांगतात: झोपताना रेशमी रुमाल बांधा आणि डुकराच्या केसांच्या ब्रशने विंचरा. आपण त्या दोन्ही सोडायच्या. रेशमासाठी कोशातले जीव उकळले जातात हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मऊ मलमलची ओढणी तेच काम करते. ब्रशऐवजी लाकडी फणी आहेच.

जयणा कुठे असते

आता प्रश्न येईल की आच लावली नाही म्हणजे हा शृंगार धर्माचा झाला का? नाही. अग्नीत तेउकाय आहे तसा पाण्यात अप्कायही आहे. वीज सचित्त की अचित्त यावर आपल्याच संप्रदायांची मतं वेगळी आहेत. आणि ज्या घरात दोन वेळा चूल पेटते, तिथे केसांची मशीन लावली नाही म्हणून मोठेपणा मिरवण्यात अर्थ नाही. शृंगार हा शृंगारच. भोगोपभोग परिमाण व्रतात त्याची मर्यादा प्रत्येकीने आपली आपण ठरवायची असते. पौषधात तर शरीराचा सत्कार पूर्णच सोडायचा. चातुर्मासात आपल्यातल्या कितीतरी जणी गजरा माळत नाहीत, ते कुणाच्या धाकाने नव्हे.

पण जयणा म्हणजे जे करायचं आहे ते कमीत कमी इजा करून करणं. त्या अर्थाने रात्रभराची ही रीत मला जवळची वाटते. केसही जळत नाहीत, रेशीमही लागत नाही आणि ज्या मुलीला दोन मिनिटांत सगळं हवं असतं तिला एक रात्र थांबायला शिकवते.

घरात मोठ्या असलेल्या आपण सगळ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहिते. लेक किंवा सून आरशासमोर फुगा काढत बसली तर लगेच 'हे कुणाला दाखवायला?' असं विचारू नका. मूलाने चंदनेच्या केसांकडे नेमक्या याच नजरेने पाहिलं होतं. तिच्या मागे बसा, फणी हातात घ्या आणि मागच्या ओळीची कडी वळवून द्या, कारण ती एकटीला जमत नाहीत. त्या अर्ध्या तासात तिला राजुलची कथा सांगा. सुंदर केस असणं हा दोष नाही आणि ते सोडण्याची ताकद येणं हे फार मोठं पुण्य आहे, या दोन्ही गोष्टी एकाच मुलीला एकाच बैठकीत सांगता येतात. पुढे ती केस वाढवेल, कापेल की एखाद्या दिवशी गुरुणीजींच्या चरणी लोच करेल, ते तिचं तिने ठरवायचं आहे.